सातवी बाई लिक्सुरीची

धूसर नाही! किती वेळा सांगू, धूसर नाही हो! जिथं जाईन तिथं पहिला प्रश्न हाच, "बाई, तुम्हाला माणसांचे चेहरे धू-स-र दिसतात का?" आणि विचारणारा असा सावकाश, मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून विचारतो, जशी काही मी बहिरीपण आहे! अहो, दिसतं मला! नाक दिसतं, डोळे दिसतात, या पुढच्या बाईंच्या हनुवटीवरचा तीळ दिसतो, मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी आत्ता जांभई दिली तीही दिसली... द्या, द्या, काही हरकत नाही, मी पहाटे तीनला उठते, मला जांभईचा राग येत नाही. तर दिसतं सगळं, पण जुळत नाही! नजर वळली की पुसलं. परत बघितलं की नवा माणूस. नवरासुद्धा! तेहतीस वर्षं रोज सकाळी स्वयंपाकघरात एक परका पुरुष कॉफी पीत बसलेला असतो, तो खोकला की मग माझ्या जिवात जीव येतो, हां, आपलाच आहे.

तर आत्ता तुम्ही फिल्म बघितलीत. बारा मिनिटांची. टाळ्या वाजवल्यात, देव तुमचं भलं करो. पण ती झाली कशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि ते ऐकल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही, कारण जी खरी गोष्ट झाली ती फिल्ममध्ये नाहीच! ती टिपायची राहिली! का राहिली? कारण आमच्या कॅमेरावाल्या मेमासची बॅटरी... थांबा. आधीपासून सांगते.

मी केफालोनियाची, ग्रीसमधलं बेट आमचं. गावात माझी पावाची भट्टी आहे, लाकडाची, माझ्या सासऱ्यांच्या बापाची. आता आमच्याकडे रविवारी कोण घरात ओव्हन पेटवत बसतंय? चर्चला जाता जाता बायका आपापल्या पराती माझ्या भट्टीवर ठेवून जातात. कुणाचा कोकरू-बटाटा, कुणाची क्रेआतोपिता, म्हणजे मटण-भात भरून वर कणकेचं झाकण घातलेली. चर्च सुटलं की आपापली परात घ्यायची नि घरी जायचं. चाळीस घरं, चाळीस पराती, एकीवर नाव नाही! आणि तुम्हाला सांगते, आजवर एक, एक परात चुकीच्या घरी गेलेली नाही! ही पोचे आलेली डॉक्टरीणबाईंची, ही कल्हई उडालेली पाद्रीणबाईंची, ही एवढी मोठी आणि बटाटे एवढेसे, ती खाटकाच्या बायकोची, दिओनिसियाची. माणूस समोर उभा राहिला की मी गार, पण परात समोर आली की सात पिढ्या सांगते!

तुम्ही म्हणाल, मग नावं लिहायला काय झालं? नावं! आमच्या बेटाचा संत येरासिमोस, मोठा जागृत संत. म्हणून पहिला मुलगा झाला की येरासिमोस, मुलगी झाली की येरासिमूला. नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, म्हणजे पुन्हा येरासिमोस! चौकात उभं राहून हाक मारा, "अरे येरासिमोस!" निम्मा चौक वळून बघतो, आणि उरलेला निम्मा बघत नाही कारण त्यांच्या बायकोनं त्यांना मघाशीच एकदा हाक मारलेली असते. नावाचा उपयोग शून्य. तर माझं सगळं चालायचं आवाजावर. माणूस बोलला की माझं काम झालं. "पाव द्या" एवढं म्हटलं तरी पुरे, त्याचं नाव, गाव, काल त्यानं काय प्यायलं, सगळं सांगते.

आणि अशा मला एक कुंबारा होती. कुंबारा म्हणजे... आता तुम्हाला कसं सांगू? माझ्या लेकीचा, लुकियाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा जिनं तिला हातांवर धरलं, ती. नात्यानं कुणी नाही, पण बहिणीला सांगता येत नाही ते तिला सांगायचं. नाव? विचारताय काय, येरासिमूला! भट्टीतली पहिली भाकरी निघाली की रोज पहाटे ही बया दारात हजर. अर्धी तिला, अर्धी मला, वर तेल-मीठ, आणि गावातल्या प्रत्येकाची मापं काढायची. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वेळ होती ती. तोंडात भाकरी आणि कानात तिचा आवाज... खरखरीत, चाळणीतून गहू ओतल्यासारखा.

मग तिची आई गेली. अकरा वर्षं झाली त्याला.

आमच्याकडे दफन झालं की सगळ्यांना कॉफी, ब्रँडी आणि टोस्ट. टोस्ट कुणाचे? माझे. मी तबक घेऊन फिरतेय. आता तुम्ही मला सांगा, सगळं दालन काळ्या कपड्यांतल्या बायकांनी भरलेलं, सगळ्यांच्या डोक्याला काळे रुमाल, सगळ्यांचे डोळे सुजलेले, आणि रडून रडून एकीच्याही घशातून आवाज निघत नाही! माझ्यासारखीनं काय करायचं? मी आपली अंदाजानं गेले, सगळ्यांत जास्त रडणारी बाई शोधली, तिच्या गळ्यात पडले, "कुंबारा, धीर धर गं!" ती निघाली दिओनिसिया, खाटकाची बायको! गेलेल्या म्हातारीशी हद्दीवरच्या एका ऑलिव्हच्या झाडावरून तीस वर्षं कोर्टात भांडलेली! रडत का होती? मला काय माहीत! तीस वर्षांची सवय मोडली असेल! बरं, एवढ्यावर थांबावं की नाही मी? नाही! तशीच पुढं गेले, पुढच्या खुर्चीतल्या गप्प बसलेल्या बाईपुढं तबक धरलं, आणि आपलं काहीतरी बोलायचं म्हणून, माणुसकीनं हो, विचारलं, "तुमची आणि म्हातारीची ओळख कुठली?"

ती मुलगी होती तिची. ती माझी कुंबारा होती.

तिनं माझ्याकडं बघितलं... म्हणजे बघितलं असणार. उठली आणि निघून गेली. आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये संतापुढं उभी राहून शपथ घेतली, साक्षीदारांसमक्ष, "जोवर ती दियामंतिना चारचौघांत मला माझ्या नावानं हाक मारत नाही, तोवर तिच्यापुढं माझं तोंड उघडणार नाही!"

आता आली का पंचाईत लक्षात? मी हाक मारायची तर ती कोण हे मला कळायला हवं, मला कळायला ती बोलायला हवी, आणि ती बोलायची तर मी आधी हाक मारायला हवी! सांगा, कुठून सोडवायची ही गाठ? माफी मागायला तिच्या घरी गेले नाही असं वाटतं तुम्हाला? तिसऱ्याच दिवशी गेले! दार एका बाईनं उघडलं. आता त्या घरात ती, तिची जाऊ आणि तिची नणंद, तिघी एकाच मापाच्या. मी म्हटलं, "येरासिमूला आहे का घरात?" तिच्याच तोंडावर! असं दार आपटलं की वरचं कौल खाली आलं.

लोक म्हणतात, अबोला काय, दोन बायकांचा, होतो. पण माझं ऐका ना. तुमच्याशी कुणी अबोला धरला तर ते माणूस तुम्हाला निदान दिसतं तरी. रस्त्यात मान फिरवून जातं, तुम्हीही मान फिरवता, तेवढाच संबंध! माझ्या कुंबारानं बोलणं टाकलं, म्हणजे माझ्यापुरती ती बेटावरून नाहीशीच झाली. भट्टीवर परात पाठवायची बंद केली, पलीकडच्या गावात पाठवायला लागली. अकरा वर्षं ती माझ्यासमोरून रोज गेली असेल, आणि मला एकदाही कळलं नाही. पहाटे पहिली भाकरी निघाली की मी आपली दाराकडं बघायची. अर्धी भाकरी रोज उरायची.

तोवर मला वाटायचं मीच मूर्ख आहे. गावालाही वाटायचं, फक्त ते 'गर्विष्ठ' म्हणायचे. मग दोन वर्षांपूर्वी लेकीनं मला समुद्रापलीकडे, पात्रा शहरात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो दाखवले, एकेक. ओळखा. एकही नाही! शेवटी एक बाई आली, मी म्हटलं, "ही कोण हो, एवढी खडूस? अशा बाईकडून मी पाव घेणार नाही." लुकिया म्हणाली, "आई, ती तू आहेस." डॉक्टर म्हणाले, याला नाव आहे, हा आजार जन्मापासून आहे, तुमची चूक नाही. तुमची चूक नाही! मी त्या दवाखान्यात अशी रडले की नर्सला वाटलं वाईट बातमी आहे.

आले गावात. डॉक्टरांचा कागद भट्टीच्या काचेवर चिकटवला, सगळ्यांनी वाचावा म्हणून. लोकांनी वाचला नाही, शिक्का बघितला! मला काहीतरी संसर्गाचं झालंय असं पसरलं, दोन दिवस पाव खपेना! लुकियानं तिच्या धर्ममातेला, म्हणजे माझ्या कुंबाराला, पत्र लिहिलं, न फोडता परत. आणि ज्यांना तोंडानं सांगितलं ते म्हणतात, "असं कसं? माझी परात बरी ओळखतेस?" डोकं आपटून घ्यावंसं वाटलं! तेव्हा ठरवलं. ऐकत नाहीत ना? मग दाखवायचं. सोळा ऑगस्टला संताचा उत्सव, त्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात भिंतीवर काहीही लावलं तरी अख्खं गाव बघतं, गेल्या वर्षी शेळ्यांच्या लसीकरणाची फिल्म लावली होती, लोक रडले! आणि खुर्च्या कुणाच्या ताब्यात? उत्सव मंडळाच्या खजिनदारबाईंच्या, म्हणजे माझ्या कुंबाराच्या. ती तिथं असणारच. म्हटलं, फिल्म होणार म्हणजे होणार!

कॅमेरा कुणाकडे? मेमासकडे. मेमास म्हणजे अर्थातच येरासिमोस, पण लाडानं सगळे मेमास म्हणतात, लग्नं-बाप्तिस्म्यांचे व्हिडिओ काढतो. चाळीस वर्षं लग्नं काढलेला माणूस! त्याला सगळं सांगितलं, त्यानं डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाला, "समजलं. नवरीची एंट्री कुठून आहे?"

"अरे नवरी नाहीये!"

"मग शेवटी कबुतरं कुणाच्या हातून सोडायची?"

कपाळावर हात मारला मी! मग त्याचं दुसरं, "सगळे चेहरे धूसर करू या, दियामंतिना, माझ्याकडं बटण आहे." धूसर नाही! तेव्हापासून सांगतेय मी, धूसर नाही! आठ दिवस आम्ही बटणावर भांडलो. नवरा म्हणाला... खोकला आधी, मग म्हणाला... "सोड की नाद. गाव हसेल." हसू दे! फिल्म होणार म्हणजे होणार!

आणि मग एका पहाटे कणीक मळता मळता सुचलं. धूसर कशाला? बाई दाखवायची स्वच्छ, पण दर वेळी वेगळी! कुंबाराचं काम सात बायकांनी करायचं. सातही जणींना तेच काळे कपडे, तोच काळा रुमाल. दारात येते ती एक, आत येऊन बसते ती दुसरी, कप उचलते ती तिसरी, आणि बघणाऱ्याला कुणी सांगायचं नाही! बघणारा गोंधळतो, अरे, ही मघाचीच का? हां! आता कळलं? आता बस माझ्या खुर्चीत, बारा मिनिटं!

तुम्ही गोंधळलात की नाही मघाशी? गोंधळलात. मी इथून बघत होते.

सहा बायका लगेच मिळाल्या. दिओनिसियासुद्धा आली, म्हणाली, "दफनाच्या प्रसंगात मी होतेच, मला सराव आहे." पण सातवी मिळेना. जी ती म्हणे, "येरासिमूलाला कळलं तर?" आणि न कळायला काय झालंय? आमच्या गावात कुणी घरात शिंकलं तरी बंदरावरून "देव भलं करो" म्हणतात! तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला मात्र हे पुढं कळलं. तर एक दिवस मेमास एका बाईला घेऊन आला. केस आखूड, करडे, अंगानं बारीक, एका पायानं जरा लंगडत. "ही माझी मावसबहीण. लिक्सुरीची. बोलत नाही."

"बोलत नाही म्हणजे?"

"म्हणजे... लिक्सुरीची आहे."

आता लिक्सुरी म्हणजे खाडीपलीकडचं गाव, आणि तिथल्या माणसांचं काहीही असू शकतं असं आमचं लहानपणापासूनचं मत. मी पुढं काही विचारलंच नाही! म्हटलं, बरंच झालं, या कामात बोलायचं नाहीच आहे. नाव काय? येरासिमूला. ठीक आहे, असणारच! माझ्या कुंबाराचे केस कमरेपर्यंत लांब, काळेभोर, ती चालायची ती वादळासारखी. मला कसा संशय यावा? अकरा वर्षांत तिनं केस कापले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, निम्मी झाली, मला कोण सांगणार होतं? सांगणारी एकच होती, आणि तिनं तोंडाला कुलूप लावलेलं!

हो. तीच होती. हसा! तुम्ही आत्ता हसताय तसंच अख्खं गाव तीन दिवस हसत होतं! पाव संपले की दहा वाजता शूटिंग सुरू, आणि भट्टीच्या बाहेर खुर्च्या टाकून गाव बसलेलं. मला वाटलं, वा, काय कलेची आवड आहे!

आणि का आली होती ती? दिओनिसियानं तिला जाऊन सांगितलं होतं म्हणे, "तुझं काम आम्ही सहाजणी करतोय, आणि तुझा तोरा मी फार छान करते." झालं! शपथ मोडायची नाही, पण आपलं काम दुसऱ्या बाईनं वाईट करायचं, तेही त्या बाईनं? शक्य नाही. मेमासला म्हणाली, येते, पण न बोलता.

आणि मी काय केलं असेल? मी तिला शिकवलं! अहो, तिला तिचं काम शिकवलं! "अहो लिक्सुरीच्या बाई, असं नाही उभं राहायचं! माझी कुंबारा अशी पोक काढून उभी राहत नव्हती, हनुवटी वर!" ती बघते माझ्याकडं. "असं रागानं नाही बघायचं! ती रागावली की तिच्या नाकपुड्या फुगायच्या, फुगवा बघू!" फुगल्या. आपोआप फुगल्या! "हां, बरं आहे, पण खरं नाही वाटत! थोडं तरी तिच्यासारखं करा हो!" मागं सहाजणींनी रुमाल तोंडात कोंबलेले, दिओनिसिया तर भिंतीला धरून खाली बसली, मी म्हटलं, काय झालं, तर म्हणे, उन्हाचा त्रास होतोय.

तिसऱ्या दिवशी दफनानंतरचा तोच प्रसंग. मी तबक घेऊन येते, विचारते, "तुमची ओळख कुठली?" आणि ती वर बघते. बारा वेळा केला. जमेना. ती बघायची तर लढाईला आल्यासारखी. शेवटी मी तबक खाली ठेवलं आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, "बाई, ऐका. तुम्ही नुसत्या रागावलेल्या दिसताय. तिला राग नंतर आला. आधी तिला काय झालं असेल ते धरा. आई गेली, आणि तिला वाटलं, एक माणूस तरी आहे आपलं, ते येईल आता. आणि ते माणूस आलं आणि विचारतंय, तुम्ही कोण? मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते. लुकिया सहा महिन्यांची होती, मला न्यूमोनिया झाला, ही बाई तीन आठवडे माझी भट्टी चालवायची आणि पाठीला माझी मुलगी बांधायची. तिला पावाचं काही येत नव्हतं, गावानं तीन आठवडे विटा खाल्ल्या! ती अशी होती. मला अजून रोज तिच्यासाठी अर्धी भाकरी काढायची सवय आहे. आणि मी तिला ओळखत नाही असं तिला वाटतं! मी फक्त तिचं तोंड ओळखत नाही हो... तिला ओळखते."

कुणी हसत नव्हतं. आणि समोर त्या सातव्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "नाही, नाही, रडू नका, ती रडणारी नव्हती! पण आधीपेक्षा बरं. मेमास, चालू कर!" तो शॉट आहे फिल्ममध्ये. शेवटून तिसरा. तुम्हाला वाटलं असेल, काय अभिनय!

तर काम संपलं. सगळ्यांनी जेवायचं ठरलं, बायकांनी आपापल्या पराती आणलेल्या, मी शूटिंगमध्ये अडकले होते तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्या भट्टीत सारलेल्या. साडेअकराला मी लांब फळी घातली आणि एकेक बाहेर काढायला लागले. डॉक्टरीणबाईंची. पाद्रीणबाईंची. दिओनिसियाची, बटाटे मोजून सहा. आणि मग आली एक तांब्याची परात. ताजी कल्हई केलेली. एका बाजूची कडी तुटलेली, तिथं गाढवाच्या खोगिराची बक्कल ठोकलेली. काठाला पोचा... बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्याच हातून पडली होती. आणि आत क्रेआतोपिता, आणि तिच्या कडेची मुरड उलटी! सगळ्या बायका मुरड घालतात उजवीकडून, ही डावीकडून, कारण जगात एकच बाई डावऱ्या हातानं अशी घट्ट, दातओठ खाऊन घातल्यासारखी मुरड घालते!

"येरासिमूला!"

अशी ओरडले की पटांगणात ऐकू गेलं. कुणाकडं बघून? परातीकडं बघून! सगळ्या काळ्या कपड्यांत माझ्या पाठीमागं उभ्या, आणि मी आपली परातीला हाका मारतेय, "येरासिमूला! अगं कुंबारा! आलीस?"

आणि पाठीमागून, चाळणीतून गहू ओतावा तसा, "अकरा वर्षं! अकरा वर्षं लागली तुला, बये! आणि बोलतेस कुणाशी? क्रेआतोपिताशी? वळ इकडं!"

वळले. सात काळ्या बायका. मला कुठली कळणार? म्हटलं, "बोल ना अजून!" आणि ती बोलली. लंगडत आली, माझ्या छातीवर बोट आपटत आपटत बोलली, "पोक काढून उभी राहते मी? मी? नाकपुड्या फुगव म्हणे! आणि माझे पाव म्हणजे विटा काय गं?" मी रडतेय, ती रडतेय, गाव रडतंय, दिओनिसिया सगळ्यांत मोठ्यानं, अकरा वर्षांचं प्रेम भट्टीच्या दारात उतू जातंय... आणि मी मेमासकडं बघते, तर तो कॅमेऱ्याला थपडा मारतोय. बॅटरी संपली होती! चाळीस वर्षांत एका लग्नात संपली नाही, ती तेव्हा! मी म्हटलं, "कुंबारा, पुन्हा एकदा करू या, तिथून, 'अकरा वर्षं'पासून..." ती म्हणाली, "मी एकदा बोलले ते बोलले. मी काय नटी आहे?"

लागली फिल्म सोळा ऑगस्टला. नवरीऐवजी मी आहे, पण पहिल्या शॉटला गुलाबांची चौकट तेवढी राहिलीच, मेमास म्हणाला ती निघत नाही. गाव शेवटपर्यंत बसून बघत होतं. आणि दुसऱ्या दिवसापासून सुधारलं हो! भट्टीवर येतात, छातीला हात लावून आधी नाव सांगतात. "नमस्कार दियामंतिना, मी येरासिमूला." "मी येरासिमूला." "मी येरासिमोस." काय करू मी त्या नावांचं?

कुंबारानं मात्र डोकं लढवलं. म्हणाली, "चारचौघांत पुन्हा माझा पचका नको." तेव्हापासून बाहेर पडली की काखेत ती परात! चर्चला परात, दवाखान्यात परात, पुतणीच्या लग्नात रेशमी झगा आणि परात! बक्कल उन्हात लांबून चमकते, मी लांबूनच हात करते.

तर गेल्या रविवारी. चर्च सुटलंय, चौक भरलेला, आणि समोरून एक बाई येतेय, काखेत तांब्याची परात, बक्कल लखलख. मी धावले. पिठाच्या हातांनी मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले, "कुंबारा! अगं माझी कुंबारा ती!" बाई लाकडासारखी ताठ. आणि माझ्या पाठीमागून, दहा पावलांवरून, "अगं ए! कुणाच्या गळ्यात पडतेस? परात उसनी दिलीय मी तिला!"

दिओनिसिया! अकरा वर्षांनी, पुन्हा, त्याच बाईच्या गळ्यात! झाडाचं भांडण मिटवलं दोघींनी, आता पराती देतात-घेतात, मला कुणी सांगायचं? चौक पोट धरून हसतोय, दिओनिसिया हसतेय, आणि कुंबारा मागून शिव्या घालतेय, माझ्या डोळ्यांना, डोक्याला, माझ्या डॉक्टरला, पाच मिनिटं, श्वास न घेता.

मी वळलेसुद्धा नाही. कशाला वळू? तोंड बघून मला काय कळणार होतं? तशीच उभी राहिले, दिओनिसियाला धरून, डोळे मिटून, आणि ऐकत राहिले. तीच होती हो. शंभर टक्के तीच!

तर आता दुसरी फिल्म करायची म्हणते, त्यात हे घालायचंय, मेमासला दोन बॅटऱ्या घ्यायला लावल्यात, फिल्म होणार म्हणजे होणार! आणि तुम्ही सगळे जाताना दारात भेटालच. भेटा. फक्त नुसते हसू नका हो माझ्याकडं बघून, मला काही कळत नाही. काहीतरी बोला. शिवी दिलीत तरी चालेल.